मिसरूड फुटताना कॅमेरा कुठे असतो?

'ग्रीस' (1978) या गाजलेल्या अमेरिकी संगीतपटात रिझो ही शाळेतल्या पोरींची म्होरकी आहे. ती साकारणारी स्टॉकार्ड चॅनिंग चित्रीकरणाच्या वेळी 33 वर्षांची होती. 'रिबेल विदाउट अ कॉज'मध्ये शाळकरी जिम स्टार्क झालेला जेम्स डीन 24 वर्षांचा होता. उलट 29 एप्रिल 2016 रोजी 'सैराट' थिएटरात लागला, तेव्हा त्यात आर्ची साकारणाऱ्या अकलूजच्या रिंकू राजगुरूला 15 वर्षं पूर्ण व्हायला अजून महिनाभर होता.

पडद्यावरचं अडनिडं वय कॅमेरा सुरू होण्याआधीच, पात्रनिवडीपाशी, बरंचसं ठरून जातं. तिशीच्या अभिनेत्रीला दोन वेण्या घालून बाकावर बसवलं की ती वयाचा अभिनय करते, आणि तो अभिनय कितीही चांगला असला तरी तिचं शरीर पूर्ण झालेलं असतं. चालताना हातांचं काय करायचं हा प्रश्न तिला पडत नाही. खऱ्या 14 वर्षांच्या मुलाला तो दर पावलाला पडलेला असतो. खांदे वाढलेत पण छाती भरलेली नाही, आवाज एका वाक्यात दोनदा घसरतो, आणि कुणी बघतंय असं वाटलं की मान आपोआप खाली जाते. हे शिकवून येत नाही. म्हणूनच फ्रान्स्वा त्रुफोने 'द 400 ब्लोज'साठी (1959) 14 वर्षांचा झाँ-पिएर लिओ निवडला आणि केन लोचने 'केस'साठी (1969) इंग्लंडमधल्या बार्न्सलीच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातलाच डेव्हिड ब्रॅडली घेतला. नागराज मंजुळेंना 'फँड्री'तला त्यांचा जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, गावात हलगी वाजवताना सापडला.

अर्थात वय फक्त नटाच्या अंगात असतं असंही नाही. 'रिबेल'चा दिग्दर्शक निकोलस रे याच्याकडे 24 वर्षांचा जिम होता, मग त्याने पोरवय कॅमेऱ्यातून आणलं. जिम सोफ्यावर डोकं खाली टाकून पडलाय आणि आई जिन्यावरून येतेय. आपल्याला ती उलटी दिसते, आणि तो उठून बसेपर्यंत अख्खी फ्रेम गरकन फिरून सरळ होते. पुढे आईबापांशी भांडण पेटतं तेव्हा कॅमेरा तिरका होतो, तोल गेल्यासारखा. घरातल्या मोठ्यांचं जग वाकडं दिसतंय, हे जिमला बोलून दाखवावं लागत नाही.

तिथून इथे यायचं तर मराठीत ही जाण फार उशिरा आली असं म्हणवत नाही. 1937 साली व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी केलेल्या 'कुंकू'त नीरा या कोवळ्या मुलीचं लग्न एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून दिलं जातं. नीरा साकारणाऱ्या शांता आपटे तेव्हा विशीत होत्या, त्यामुळे वयाचा प्रश्न तिथेही होताच. पण शांतारामांनी चित्रपटात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं आणि रस्त्यावरचं. नीरेच्या बंडाला व्हायोलिनचा आधार नाही आणि तिच्या दुःखासाठी कुणी आपल्याकडून सुरांनी रडू काढत नाही. गंमत म्हणजे, किशोरवयीन पात्राला संगीत किती द्यायचं आणि कधी काढून घ्यायचं, याच प्रश्नाला 'सैराट'ने जवळजवळ ऐंशी वर्षांनी अगदी वेगळं उत्तर दिलं.

मधल्या काळात मराठी पडद्यावर लहान मुलं पुष्कळ आली आणि कॉलेजातले नायकही खूप आले, मधलं वय मात्र बरंचसं गळालं. कॉलेजातला नायक बहुतेकदा पंचविशी ओलांडलेला असे आणि शाळकरी मूल गोड किंवा करुण. 2002 साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'दहावी फ' केला तो या पोकळीत. शेवटच्या तुकडीतली, शाळेने वाया गेलेली ठरवलेली मुलं शाळेची मोडतोड करतात, आणि अतुल कुलकर्णींनी साकारलेला शिक्षक त्यांच्यापर्यंत पोचायला बघतो. हा चित्रपट तंत्राने भपकेबाज नाही, बोलकाच आहे. पण मुलं तिथे घोळक्याने दिसतात. कुणा एकाला नायक करून बाकीच्यांना मागे ढकलायचं, हे त्यात घडत नाही. तुकडी हेच पात्र, अशी ती मांडणी आहे. शिक्षकाशिवाय हा चित्रपट उभा राहिला असता का, ही शंका मात्र उरते.

खरा बदल पुढच्या दहा-बारा वर्षांत झाला. उमेश कुलकर्णींच्या 'विहीर'मध्ये (2009) मोठी माणसं भोवती असूनही दूर आहेत. समीर आणि नचिकेत ही मावस-मामे नात्याच्या गोतावळ्यातली दोन मुलं. लपाछपीच्या खेळात नच्या विहिरीत बुडतो आणि सम्या त्याला शोधत राहतो, जणू डाव अजून संपलेलाच नाही. सुधीर पळसाने यांचा कॅमेरा इथे लांबून आणि बराच वेळ बघतो. मृत्यूनंतरच्या दृश्यांत एरवी जी घाई असते, रडारड, मग सांत्वन, मग पुढचा प्रसंग, ती इथे नाही. त्या वयात दुःख कसं करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे पोरगा नुसता वावरत राहतो. संकलन त्याला तेवढा वेळ देतं. बऱ्याच प्रेक्षकांना हा चित्रपट संथ वाटला. वाटणारच. तो संथपणा काढला तर हातात एक अपघाताची गोष्ट उरते.

अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'चा (2014) नायक चिन्मय जेमतेम अकरा वर्षांचा, म्हणजे किशोरवयाच्या उंबरठ्यावरचा. त्याचं इथे नाव घ्यायचं ते एका कारणासाठी. दिग्दर्शक स्वतःच छायालेखक असल्याने गुहागरचा पाऊस आणि समुद्र पाहायला मिळतोच, पण या चित्रपटात आईलाही स्वतःची फ्रेम आहे. अमृता सुभाष यांनी रंगवलेली ही बाई कचेरीत अडचणीत आहे, नव्या गावात एकटी आहे, आणि कॅमेरा अधूनमधून मुलाला सोडून तिच्यापाशी थांबतो. पोरवयाच्या चित्रपटांत मोठी माणसं बहुधा फ्रेमच्या कडेला उभी असतात, रागावण्यापुरती. बर्लिन महोत्सवात मुलांच्या परीक्षकमंडळाने 'किल्ला'ला क्रिस्टल बेअर दिला, हेही लक्षात घेण्याजोगं.

'फँड्री' (2013) इथे थोडं थांबून पाहायला हवा.

जब्याला शालू आवडते. तो कैकाडी घरातला, गावाबाहेर राहणारा, ती गावातल्या वरच्या मानल्या गेलेल्या जातीची. चित्रपट हे अंतर बहुतेक वेळा मोजून दाखवतो. जब्या शालूकडे बघतो तेव्हा मध्ये वर्ग असतो, रस्ता असतो, माणसं असतात. ती फ्रेममध्ये दूर राहते आणि आपणही तिच्याजवळ जात नाही, कारण जब्या जाऊ शकत नाही. काळ्या चिमणीची राख शालूवर टाकली की ती वश होईल अशी त्याची समजूत आहे, त्यामुळे गलोल घेऊन तो रानोमाळ भटकतो. या भटकण्याच्या दृश्यांत चित्रपटाला श्वास घ्यायला जागा आहे, उजेड आहे. गावात आला की फ्रेम भरून जाते.

मग शेवटचा अर्धा तास. डुकरं पकडायचं काम घरावर येतं आणि शाळेच्या अगदी जवळ, सगळ्या पोरांच्या देखत, जब्याला बापाबरोबर धावावं लागतं. तोवर लपून बघणारा जब्या इथे बघण्याचा विषय होतो. गाव कडेला उभं राहून हसतंय, त्यात शालूही आहे. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निघून जातं. थिएटरात या जागी पहिल्यांदा हशा यायचा आणि मग तो मध्येच अडकायचा. पुढे काठीला उलटं टांगलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ही माणसं एका भिंतीसमोरून जातात. भिंतीवर बाबासाहेब, फुले दांपत्य, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. कॅमेरा त्यावर बोट ठेवत नाही. आणि अखेर जब्या चिडवणाऱ्यांवर दगड भिरकावतो, तो दगड सरळ आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो.

जगभरच्या समीक्षकांना इथे 'द 400 ब्लोज'चा शेवट आठवणं साहजिक होतं. तिथे सुधारगृहातून पळालेला आंत्वान समुद्रापर्यंत धावतो, वळून कॅमेऱ्याकडे बघतो आणि चित्र गोठतं. दोन्हीकडे मुलगा प्रेक्षकाला गाठतो. फरक असा की आंत्वानच्या नजरेत प्रश्न आहे आणि आपण त्याची कणव करायला मोकळे राहतो. जब्या ती मोकळीक देत नाही. चित्रपटभर त्याच्या बाजूने बघतोय असं समजणाऱ्याला तो कडेला उभ्या असलेल्या गावात नेऊन टाकतो. ही करामत संवादाने साधली नसती, त्यासाठी कॅमेरा नेमका त्याच जागी उभा असावा लागतो. सोमनाथला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'सैराट'मध्ये मंजुळेंनी उलटी वाट धरली. पूर्वार्धात सगळं मोठं आहे. सुधाकर रेड्डी यक्कंटींनी टिपलेली करमाळ्याकडची रानं, विहिरीतली उडी, स्लो मोशनमध्ये धावणारा परश्या, बुलेटवरची आर्ची. त्यावर अजय-अतुल यांचा वाद्यवृंद, जो त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वादकांकडून वाजवून घेतला. एका मासेमारी करणाऱ्याच्या पोराच्या प्रेमासाठी सिंफनी! काही जाणकारांना हा अतिरेक वाटला. पण 16 वर्षांच्या पोराला आपलं प्रेम एवढंच मोठं वाटत असतं, आणि मंजुळे त्याला हसत नाहीत, त्याच्या मापाचं संगीत देतात.

उत्तरार्धात ते सगळं काढून घेतात. दोघं पळून जातात त्या हैदराबादच्या झोपडपट्टीत गाणं नाही, स्लो मोशन नाही, मोकळं आभाळ नाही. नळ, भांडी, भाडं, संशय, मारहाण. तेच दोन चेहरे थकलेले दिसतात. आणि अखेरच्या दृश्यात आवाजच जातो. त्या दोघांच्या लहानग्याची पावलं आणि त्यांचे रक्ताचे ठसे पूर्ण शांततेत दिसतात. 'एका तिकिटात दोन चित्रपट' अशी तक्रार तेव्हा झाली होती. ती रचना चुकून झालेली नाही, पूर्वार्धाचा खजिना नसता तर उत्तरार्धात काय गमावलं हे कळलं नसतं. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. लोक थिएटरात 'झिंगाट'वर नाचले आणि पुष्कळांनी घरी नेला तो पूर्वार्धच. नंतर आलेल्या नकलांनीही विहीर, मोटरसायकल आणि लाजरा मित्र एवढंच उचललं. हिंदी 'धडक'ने (2018) कथा उदयपूरला नेली, जात पुसट केली आणि चेहरे, कपडे, भिंती सगळ्याला चकाकी दिली. शेवट बदलला, धक्काही ठेवला. पण पोरं पोरं वाटली नाहीत, आणि त्यामुळे धक्क्यालाही जोर राहिला नाही.

या वयाचा आवाज या तांत्रिक प्रकरणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्याकडे डबिंगची रीत जुनी. चित्रीकरण आटोपून काही महिन्यांनी पोरगा स्टुडिओत यायचा तोवर त्याचा आवाज फुटलेला असायचा. मग दुसऱ्याचा आवाज वापरा किंवा स्वच्छ, घासूनपुसून घेतलेले संवाद चिकटवा. बोलीचंही तेच. ग्रामीण म्हणून जी एक सरसकट भाषा नाटका-सिनेमात चालत आली ती कुठल्याच गावाची नव्हती. 'सैराट'मध्ये करमाळा-अकलूजकडची बोली तिच्या हेलांसकट, अडखळण्यासकट आली, तेव्हा ती पोरं एका विशिष्ट गावची झाली. 'टाइमपास'मधल्या (2014) दगडूचं प्रथमेश परबने केलेलं बोलणंही असंच, चाळीच्या मोरीपासून नाक्यापर्यंतचं. तो चित्रपट एरवी बेतीव आहे, पण दगडूचं तोंड खरं आहे.

वयात येणं म्हटलं की जे दाखवायचं त्यापेक्षा न दाखवायचं काय, याचा निर्णय अवघड. रवी जाधव यांच्या 'बालक-पालक'मध्ये (2013) चाळीतली चार मुलं पिवळी पुस्तकं आणि नंतर निळ्या फितींपर्यंत पोचतात. कॅमेरा टीव्हीच्या काचेऐवजी मुलांच्या चेहऱ्यांवर राहतो. किळस, कुतूहल, एकमेकांकडे चोरून बघणं, घशाला पडलेली कोरड. त्यामुळे हा चित्रपट आईबाप मुलांना घेऊन बघू शकले. 2022 साली 'नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा' आला तेव्हा झलकीतल्या अल्पवयीन मुलांच्या दृश्यांवरून वादळ उठलं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. गिरणगावातली हिंसा सौम्य करून सांगायची का, हा जयंत पवारांच्या मूळ कथेपासूनचा रास्त प्रश्न आहे. पण मुलाचं शरीर पडद्यावर वापरताना कथेतल्या पात्राइतकाच कॅमेऱ्यासमोर उभा असलेला खरा मुलगाही मोजावा लागतो. हे जुनं दुखणं आहे. 'केस'मध्ये मुख्याध्यापक छड्या मारतो त्या दृश्यात मुलांना खरोखर छड्या बसल्या. चेहऱ्यावरची कळ अस्सल आहे, आणि ती बघताना आज अस्वस्थ व्हायला होतं.

आता या मराठी चित्रपटांच्या प्रदर्शनाची वर्षं नव्हे, त्यांतल्या गोष्टींची सालं पाहा. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा 'शाळा' आणीबाणीच्या काळात घडतो. 'बालक-पालक' 1980च्या दशकात, 'टाइमपास' 1990च्या. आशिष बेंडे यांचा 'आत्मपॅम्फ्लेट' (2023) पुन्हा मागच्याच शतकातल्या शाळेत जातो, निदान त्याचं निवेदन त्या आठवणींची यथेच्छ खिल्ली उडवतं आणि एका पोराच्या एकतर्फी प्रेमाला देशातल्या घडामोडींच्या शेजारी बसवतं. मंजुळे सोडले तर बहुतेकांनी मागे पडलेल्या काळातलं पोरवय चित्रित केलं आहे. त्याचा परिणाम उजेडावर होतो. 'शाळा'त दिएगो रोमेरो या स्पॅनिश छायालेखकाने टिपलेली कोवळी उन्हं सुंदर आहेत, आणि नेमकं तेच खटकतं. बोकिलांच्या कादंबरीत मुकुंद जोशी स्वतः बोलतो, तिरकस, चलाख, कधी क्रूर. पडद्यावर अंशुमन जोशीचे डोळे खूप काही सांगतात, पण त्या सोनेरी उन्हात तिरकसपणा वितळतो. मुकुंदला ते दिवस सोनेरी वाटत नव्हते. ते नंतर, चाळिशीतल्या माणसाला तसे वाटतात.

म्हणजे मराठी पडद्यावरचा कॅमेरा किशोरवयीन मुलाच्या उंचीवर असतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तो बरेचदा मोठ्या झालेल्या पुरुषाच्या आठवणीत असतो. आणि त्या आठवणीत मुलगी समोरच्या खिडकीत, पुढच्या बाकावर, रस्त्याच्या पलीकडे उभी असते. शालू जवळपास बोलतच नाही. 'फँड्री'त त्याला कारण आहे, ते अंतर हाच विषय आहे. पण 'शाळा'तली शिरोडकर घरी गेल्यावर काय करते? 'टाइमपास'मधली प्राजक्ता एकटी असताना काय विचार करते? केतकी माटेगावकर दोन्हीकडे आहे, दोन्हीकडे तिच्या चेहऱ्यावर सुरेख उजेड आहे, आणि दोन्हीकडे आपण तिच्याकडे पाहतो, तिच्यासोबत फारसे पाहत नाही. आर्ची हा मोठा अपवाद. ती टक लावून बघते, ट्रॅक्टर चालवते, मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत दरडावते. तरी पूर्वार्धात ती येते ती परश्याच्या नजरेतूनच. तिच्या एकटेपणापाशी चित्रपट पोचतो तो हैदराबादेत.

आठवणीतल्या चित्रपटांत मोबाइल नसतो, आणि आजच्या 14 वर्षांच्या मुलाचं निम्मं आयुष्य तिथेच आहे. हे पडद्यावर कसं आणायचं याचे प्रयोग इतरत्र चालू आहेत. बो बर्नमच्या 'एथ ग्रेड'मध्ये (2018) एल्सी फिशरच्या चेहऱ्यावरचे मुरूम झाकलेले नाहीत, आणि अंधारात फोनचा निळसर उजेड तिच्या डोळ्यांत पडतो. नेटफ्लिक्सवरच्या 'अडोलसन्स'ने (2025) चारही भाग प्रत्येकी एका सलग शॉटमध्ये केले. वर्गमैत्रिणीच्या खुनाचा आरोप असलेल्या 13 वर्षांच्या जेमीला तिसऱ्या भागात मानसतज्ज्ञ भेटते. त्रुफोने असाच प्रसंग 1959 साली 'द 400 ब्लोज'मध्ये केला होता. प्रश्न विचारणारी बाई दिसतच नाही, फक्त लिओचा चेहरा, आणि उत्तरं बरीचशी त्याने स्वतःच्या मनाने दिलेली. तिथे आपण मुलावर भाळतो. 'अडोलसन्स'मध्ये कट नसल्यामुळे जेमी झालेल्या ओवेन कूपरच्या चेहऱ्यावरून आपल्याला सुटका नाही, पण बाईही समोरच आहे आणि ती घाबरलेली दिसते. पोरगा गोड आहे की भयंकर, हे ठरवून देणारं संकलन तिथे नाही.

मुलींच्या बाबतीत उदाहरणासाठी परदेशापर्यंत जायचीही गरज नाही. आसामच्या रीमा दास यांनी 'बुलबुल कॅन सिंग' (2018) आपल्याच गावाकडच्या पोरांना घेऊन, स्वतः कॅमेरा हाताळून केला. बुलबुल, बॉनी आणि सुमन हे तिघे मित्र. रानात जोडीने बसलेल्या पोरांना संस्कृतिरक्षक पकडतात, मारतात, आणि त्या बेअब्रूनंतर बॉनी आत्महत्या करते. गोष्ट 'सैराट'च्या शेजारचीच. पण इथे मुलीकडे बघणारा मुलगा मध्ये नाही. बुलबुल झाडाखाली लोळते, गाताना तिचा सूर अडतो, मैत्रिणीशी मुलांबद्दल कुजबुजते, आणि कॅमेरा हातभर अंतरावर, तिच्यासोबत, बसलेला असतो. हातभर अंतरासाठी मोठं बजेट लागत नाही. मराठीत ते अंतर अजून कुणा बाईने, आजच्या पोरींसाठी, पुरेशा वेळा गाठलेलं नाही. आणि थोड्याशा माणसांना घेऊन, उधारीच्या लेन्सवर पहिला चित्रपट करणारे दिग्दर्शक आपल्याकडे कमी नाहीत.